नावनोंदणीच्या दिवसांतला नाताळ



23 डिसेंबर 2025 रोजी मध्य प्रदेशाची प्रारूप मतदार यादी लागली आणि दुसऱ्याच रात्री नाताळच्या मिस्सामध्ये आपण लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय ऐकला. कैसर औगुस्ताने नावनोंदणीचा हुकूम काढला, क्विरिनिय तेव्हा सिरियाचा सुभेदार होता, आणि नासरेथचा योसेफ गरोदर मरियेला घेऊन आपल्या मूळ गावी, बेथलेहेमला निघाला. दरवर्षी आपलं लक्ष गव्हाणीकडे आणि मेंढपाळांकडे लागलेलं असतं, म्हणून हुकमाची ही वाक्यं कानावरून निघून जातात. त्या वर्षी पांढुर्णा आणि सौंसरकडच्या पुष्कळ घरांत त्याच आठवड्यात तोच विषय चालला होता. आपलं नाव कुठे आहे? मूळ गाव कोणतं? कागद कोणता दाखवायचा?

आपला प्रभू नावनोंदणीच्या धावपळीतच जन्माला आला. म्हणून या विषयावर मंडळीत बोलणं म्हणजे राजकारण, असं मला वाटत नाही.

आधी काय झालं ते थोडक्यात सांगते. निवडणूक आयोगाने मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी, जिला सगळे एसआयआर म्हणतात, 4 नोव्हेंबरपासून आपल्यासह बारा राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत सुरू केली. बीएलओ घरोघरी गणना पत्रक घेऊन आले. ते भरून, सही करून परत द्यायचं होतं. त्यात आपलं स्वतःचं किंवा आईवडिलांचं नाव मागच्या सखोल तपासणीच्या यादीत शोधून लिहायचं होतं. आपल्या राज्यात ती यादी 2003 ची. तपासणीआधी राज्यात सुमारे 5 कोटी 74 लाख मतदार होते. प्रारूप यादीत सुमारे 5 कोटी 31 लाख उरले. म्हणजे 42 लाखांहून जास्त नावं कमी झाली. कोणी मरण पावलेले, कोणी गाव सोडून गेलेले, कोणी घरी न सापडलेले, कोणाची नावं दोन ठिकाणी असलेली.

यातली बरीचशी नावं कमी व्हायलाच हवी होती. मेलेल्या माणसाच्या नावावर कोणी मत टाकू नये, हे न्यायाचंच आहे. पण एवढ्या मोठ्या संख्येत काही जिवंत, इथेच राहणारी माणसंही गळतात, आणि ती कोण असतात हे आपल्या भागात सहज दिसतं.

आपला पांढुर्णा जिल्हा 2023 साली छिंदवाड्यातून वेगळा झाला, पण आपली सोयरीक जिल्ह्याची किंवा राज्याची हद्द कधी बघत नाही. नरखेड, काटोल, वरूड, सावनेर इकडच्या मुली सौंसर-पांढुर्ण्यात सुना म्हणून येतात, इकडच्या तिकडे जातात. अशा सुनेला 2003 च्या इथल्या यादीत आपलं नाव कसं सापडणार? तिला माहेरची, महाराष्ट्रातली जुनी यादी शोधावी लागते. तिथे वडिलांचं आडनाव मराठीत 'काळे' लिहिलेलं, इकडे हिंदीत ते 'काले' झालेलं. शिवाय आपल्याकडे बाप्तिस्म्याचं नाव एक, शाळेतलं दुसरं, सासरी ठेवलेलं तिसरं. ज्याचे वडील वारले, ज्याचं माहेर तुटलं, जो कामासाठी नागपूरला गेला आणि बीएलओ आले तेव्हा दाराला कुलूप होतं, त्याचं नाव आधी गळतं. शिकलेल्या, घरी बसलेल्या, मोबाईल हाताळता येणाऱ्या माणसाचं सहसा गळत नाही.

या दिवसांत प्रार्थनेनंतर मी बायकांना विचारत होते, "काकू, यादीत नाव पाहिलं का?" एक वयस्क काकू म्हणाल्या, "जाऊ दे व बाई. आपलं नाव तं देवाच्या पुस्तकात हाये. इथल्या यादीनं काय होते?" हे उत्तर मला एकीकडूनच ऐकू आलं असं नाही. आपल्यातले पुष्कळ जण असंच बोलतात, आणि त्यात श्रद्धा आहे. येशूने पाठवलेले शिष्य आनंदाने परत आले तेव्हा त्याने त्यांना आपली नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा आनंद माना असंच सांगितलं होतं. त्या आनंदाला कोणी हात लावू शकत नाही.

पण संत पौलाकडे बघा. फिलिप्पै शहरात त्याला आणि सीलाला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, गुपचूप निघून जा. पौल गेला नाही. आम्ही रोमन नागरिक आहोत, आम्हांला न्यायाशिवाय चारचौघांत मारलं, आता त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावं, असं त्याने कळवलं. अधिकारी घाबरून आले आणि त्यांनी विनवणी केली. पुढे याच फिलिप्पैच्या मंडळीला पौलाने पत्र लिहिलं, आणि आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे ही शिकवण त्याच पत्रात आहे. ज्यांची नावं जीवनाच्या पुस्तकात आहेत त्या सहकाऱ्यांचा उल्लेखही त्याच पत्रात आहे. ज्याने स्वर्गातल्या नागरिकत्वाबद्दल लिहिलं, त्यानेच त्याच शहरात पृथ्वीवरच्या नागरिकत्वाचा हक्क मागितला होता. मला वाटतं, तो हट्ट त्याने स्वतःसाठी धरला नाही. तो तर पुढच्या गावी निघाला होता. मागे लुदिया राहणार होती, तुरुंगाधिकाऱ्याचं कुटुंब राहणार होतं, नवी लहानशी मंडळी राहणार होती. पौलाचा हक्क मानला गेला म्हणजे त्यांच्यावर हात टाकताना अधिकारी दोनदा विचार करणार होते.

आपलीही मंडळी लहान आहे. म्हणून मताची किंमत काय, हे नीट समजून घेऊ या.

राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आपण थेट मत देत नाही, आपले खासदार आणि आमदार देतात, आणि तिथे प्रत्येक मताला वजन असतं. राज्याच्या 1971 च्या लोकसंख्येला विधानसभेच्या जागांनी भागायचं आणि पुन्हा हजाराने भागायचं. 18 जुलै 2022 ला झालेल्या निवडणुकीत द्रौपदी मुर्मू देशाच्या पहिल्या आदिवासी राष्ट्रपती म्हणून निवडून आल्या. तेव्हा मध्य प्रदेशाच्या आमदाराच्या मताचं मूल्य 131 होतं आणि महाराष्ट्राच्या आमदाराचं 175. म्हणजे पांढुर्ण्याच्या आमदाराचं मत 131 चं, आणि पलीकडच्या काटोलच्या आमदाराचं 175 चं. हे वजन आमदाराचं स्वतःचं नसतं. ते 1971 साली मोजल्या गेलेल्या माणसांचं असतं. त्यात पाळण्यातली बाळं होती, मजूर होते, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याही होत्या.

आपण बूथवर जाऊन देतो त्या मताला असा हिशेब नाही. संत्र्याच्या बागेचा मालक आणि त्याच बागेत तोडणीला जाणारी बाई, दोघांचं मत एकच. 2023 च्या विधानसभा निवडणुकीत आपल्याच राज्यातल्या शाजापूरची जागा 28 मतांनी ठरली. 28 माणसं म्हणजे आपल्या एखाद्या वस्तीतल्या प्रार्थनेला जमतात तेवढीच. पण हे 'एक' फक्त यादीतल्या नावाला मिळतं. 131 आणि 175 मधला फरक संविधानाने ठरवून दिलेला आहे. एक आणि शून्य यातला फरक एका चुकलेल्या अक्षराने पडतो.

आपल्या समाजाच्या इतिहासातली एक गोष्ट इथे आठवते. इंग्रजांच्या 1935 च्या कायद्यात काही प्रांतांत भारतीय ख्रिस्ती लोकांसाठी वेगळ्या जागा होत्या. मद्रास प्रांतात 8, मुंबई प्रांतात 3. स्वतंत्र भारताचं संविधान तयार होत असताना धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागांचा प्रश्न आला. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी हे बंगालचे ख्रिस्ती होते. त्यांनी अशा जागा नकोत ही बाजू घेतली, आणि मे 1949 मध्ये सभेने त्या काढून टाकल्या. आपल्या वडीलधाऱ्यांनी वेगळी यादी आणि वेगळी जागा मागितली नाही. शेजाऱ्यांसोबत एकाच यादीत आपलं नाव असावं, यावर त्यांनी भरवसा ठेवला. म्हणून आज आपल्याला दुसरी कोणतीही यादी नाही. ही सर्वांची यादी खरी असेल तरच त्या भरवशाला अर्थ आहे.

खरी असणं याला दोन बाजू आहेत, आणि दुसरी बाजू आपल्याला जरा टोचणारी आहे. सीमेवरच्या आपल्या भागात काहींची नावं दोन्हीकडे आहेत, इथेही आणि महाराष्ट्रातही. शेत इकडे, नोकरी तिकडे, "राहू दे, कधी कामाला येईल." 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे एका माणसाचं नाव दोन मतदारसंघांत असता येत नाही, आणि अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिणं हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याला प्रभूने होय ते होय आणि नाही ते नाही बोलायला शिकवलं, त्याने दोन गावांचा रहिवासी म्हणून सही कशी करावी? ज्यांचं नाव दोनदा आहे त्यांनी एक स्वतः सोडावं. कोणी पकडायच्या आधी सोडावं. मग आपल्या शेजाऱ्याचं हरवलेलं नाव परत मागताना आपला आवाज स्वच्छ राहील.

आता कामाचं बोलते. दावे आणि आक्षेपांसाठी 22 जानेवारी 2026 ही मुदत जाहीर झाली होती. यादीत नाव नसेल तर फॉर्म 6, नावात किंवा पत्त्यात चूक असेल तर फॉर्म 8, आणि दुसऱ्या ठिकाणचं नाव काढायचं असेल तर तिथे फॉर्म 7. कमी झालेल्या नावांची वेगळी यादी कारणासहित लावलेली असते, तीही वाचा. ज्यांचा जुन्या यादीशी मेळ बसला नाही त्यांना नोटीस येणार होती. नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे, आपली बाजू सांगायची ती संधी आहे. घाबरून घरी बसू नका, कागद घेऊन जा. आधार कार्ड ओळखीचा पुरावा म्हणून चालतं, नागरिकत्वाचा म्हणून नाही, म्हणून शाळेचा दाखला वगैरे शोधून ठेवा. नाव नाकारलं तर कलेक्टरकडे अपील करता येतं, आणि त्यानंतर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे. पौलानेही कैसराकडे अपील केलंच होतं. बाप्तिस्म्याचं प्रमाणपत्र इथे पुरावा म्हणून चालणार नाही, पण आपल्या नोंदवहीत आईवडिलांची नावं आणि गाव लिहिलेलं असतं. माहेरची जुनी यादी शोधताना त्याचा उपयोग होतो. ज्या बहिणींना गरज आहे त्यांनी रविवारी मिस्सानंतर यावं, आपण मिळून शोधू.

मत कोणाला द्यायचं ते मी सांगणार नाही, आणि मंडळीत कोणी सांगूही नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजाच्या 75 व्या परिच्छेदात, आपलं मत स्वतंत्रपणे आणि सर्वांच्या भल्यासाठी देणं हा नागरिकांचा हक्क आणि कर्तव्य आहे असं शिकवलं आहे. मत स्वतंत्र हवं, म्हणजे फादरांपासूनही, धर्मशिक्षिकेपासूनही आणि नवऱ्यापासूनही.

आणि फक्त आपल्या लोकांची नावं बघून थांबू नका. शंभर मेंढरांच्या मालकाला एक कमी असल्याचं कसं कळलं? त्याने मोजलं म्हणून. तुमच्या गल्लीतल्या गोंड आजीचं, मजुरी करणाऱ्या शेजारणीचं, रोज दूध घालणाऱ्या दादाचं नाव बघा. त्यांचा धर्म विचारू नका. ज्या रात्री बेथलेहेममध्ये उतरायला जागा मिळाली नाही, त्या रात्री दार वाजवणाऱ्यांचीही तिथे कोणाला ओळख नव्हती.

प्रार्थना: हे देवबापा, तू आम्हां प्रत्येकाला नावाने ओळखतोस. जे आमच्याच गावात राहून कोणत्याच यादीत सापडत नाहीत त्यांना तू विसरत नाहीस. आम्हांला त्यांच्या दारापर्यंत जाण्याचे पाय दे, आमच्या सहीला खरेपणा दे, आणि ज्यांच्या हाती नोंदवह्या आहेत त्यांना न्यायी मन दे. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.