सोयीचे ठिकाण

गेल्या वर्षी ज्येष्ठ महिन्यात व्यवस्थापनाकडून एक इंग्रजी परिपत्रक माझ्या टेबलावर आले. इंग्रजी मसुद्यांवरून हिंदी व मराठी मजकूर तयार करणे आणि कंपनीच्या गृहपत्रिकेचे संपादन करणे हे माझे नित्याचे काम. कंपनीचे मुख्यालय जबलपुरात असले, तरी तिच्या शाखा विदर्भात आहेत. म्हणून मराठीचीही गरज पडते. परिपत्रक बारा ओळींचे होते. नेपियर टाऊनमधील आमचे मुख्यालय नागपूर रस्त्यावर, शहरापासून अकरा किलोमीटर अंतरावर बांधलेल्या नव्या इमारतीत जाणार होते. नवी जागा सर्वांना सोयीची आहे, असे शेवटच्या ओळीत म्हटले होते. मी ‘सोयीचे ठिकाण’ असे दोन शब्द लिहिले, कागद खाली पाठविला आणि चहा घ्यायला गेलो. ते दोन शब्द पुढे सहा महिने माझी पाठ सोडणार नाहीत, याची मला त्या वेळी कल्पना नव्हती.

जुनी इमारत सोडण्यास सबळ कारणे होती, हे मी प्रथमच मान्य करतो. ती भाड्याची, दुमजली आणि जुनाट होती. पावसाळ्यात वरच्या मजल्यावर घमेली मांडावी लागत. कागदपत्रांची कपाटे जिन्यापर्यंत आली होती. वीजतारा इतक्या जुन्या होत्या, की दोन यंत्रे एकदम सुरू केली म्हणजे दिवे जात. बाहेर गाडी उभी करण्यास जागा नव्हती. शिवाय स्थलांतरासाठी नेमलेल्या समितीत कर्मचाऱ्यांच्या वतीने मीही होतो, आणि मी हात वर केला होता. माझे बिऱ्हाड नागपूर रस्त्याच्याच बाजूला नव्या वसाहतीत आहे. नवी कचेरी मला स्कूटरवरून दहा मिनिटांची. ही गोष्ट त्या वेळी माझ्या मनात नव्हती असे म्हणणे खोटेपणाचे होईल.

वस्तुतः कचेऱ्या हलण्याचे सुखदुःख जबलपूरकराला नवे नाही. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने नव्या मध्य प्रदेशाची राजधानी म्हणून जबलपूरची शिफारस केली होती. प्रत्यक्षात १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य अस्तित्वात आले तेव्हा राजधानीचा मान भोपाळला मिळाला आणि जबलपूरला उच्च न्यायालय मिळाले. नागपूरचे उच्च न्यायालय हेच नव्या राज्याचे उच्च न्यायालय ठरले आणि त्याचे स्थान जबलपूर झाले. नागपुरात सरन्यायाधीश असलेले न्यायमूर्ती हिदायतुल्ला हेच येथील पहिले सरन्यायाधीश. पुढे ते देशाचे सरन्यायाधीश व उपराष्ट्रपती झाले.

त्या बदलाबरोबर जी माणसे सातपुडा ओलांडून इकडे आली त्यांत माझे आजोबा होते. ते न्यायालयात कारकून होते. नागपूरच्या महाल भागातील भाड्याच्या दोन खोल्या सोडून ते आजीसह जबलपूरच्या स्टेशनावर उतरले. आजोबा त्या प्रवासाची हकीगत मोठ्या अभिमानाने सांगत. मिसला कशा बांधल्या, गठ्ठ्यांवर क्रमांक कसे घातले, एकही कागद कसा गहाळ झाला नाही, हे सारे त्यांना तोंडपाठ होते. आजी मात्र चुलीपाशी बसून ऐकत असे आणि शेवटी एवढेच म्हणे, “कचेरीची कपाटं आली, टेबलं आली, माझी शेजारीण नाही आली.” लहानपणी आम्हा भावंडांना त्या वाक्याचे हसू येई.

यानंतरही जबलपुराने मुख्यालये पाहिली. राज्याच्या विद्युत मंडळाचे मुख्यालय येथे झाले. रामपूर भागातील त्याचे शक्ती भवन आजही वीज कंपन्यांचे केंद्र आहे. माझ्या वडिलांच्या आठवणीत रामपूर म्हणजे ग्वारीघाटाच्या वाटेवरचा, गावाबाहेरचा भाग. आज शहरानेच त्याला कवेत घेतले आहे. पुढे १ एप्रिल २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वे हा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि जबलपूर, भोपाळ व कोटा या तीन मंडळांचा कारभार येथून चालू लागला. त्यापूर्वी जबलपूर मंडळ मध्य रेल्वेत होते आणि त्याचे मुख्यालय मुंबईत होते. जेथे १८७० साली मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून आलेले लोहमार्ग एकमेकांस मिळाले, त्याच गावी १३३ वर्षांनी रेल्वेचे एक मुख्यालय आले, ही घटना गावाला सुखावणारी होती. या कचेरीशी काम असलेला बाहेरगावचा मनुष्य गाडीतून उतरतो आणि थोड्याच अंतरावर कचेरी गाठतो.

म्हणजे मुख्यालय गावात असावे की गावाबाहेर, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. परदेशांतही ते सापडलेले दिसत नाही. अमेरिकेतील शिकागो शहरात सीअर्स या व्यापारी कंपनीने १९७० च्या दशकात ११० मजल्यांचा मनोरा उभारला. वीस वर्षे होतात न होतात तोच तिने आपली कचेरी दूरच्या हॉफमन इस्टेट्स या उपनगरात नेली. उलट मॅकडोनल्ड्सचे मुख्यालय १९७१ पासून त्याच शहराच्या ओक ब्रुक या उपनगरात होते. ते २०१८ मध्ये भर शहरात परत आले, कारण कामास हवी असलेली तरुण माणसे शहरात राहणे पसंत करीत होती. लंडनमध्ये एचएसबीसी बँकेने २००२ च्या सुमारास कॅनरी व्हार्फ या नव्या भागातील ४५ मजली इमारतीत बस्तान बसविले, आणि २०२३ मध्ये ती सोडून जुन्या शहरात, सेंट पॉल चर्चच्या परिसरात, लहान जागेत जाण्याचे जाहीर केले. जाताना जमिनीचा भाव हे कारण असते, येताना माणसांचा.

आपल्याकडील उदाहरण मुंबईचे. दक्षिण मुंबईत कचेऱ्यांची दाटी झाली म्हणून वांद्रे-कुर्ला संकुलाची योजना पुढे आली आणि १९७७ मध्ये त्याच्या नियोजनाचे काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविण्यात आले. यथावकाश तेथे राष्ट्रीय शेअर बाजार आला, बँका आल्या, परदेशी वकिलाती आल्या. योजना दूरदृष्टीची होती यात शंका नाही. परंतु वांद्रे आणि कुर्ला ही दोन्ही स्टेशने संकुलापासून दूर. सकाळी स्टेशनाबाहेर रिक्षांसाठी लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. संकुलात भुयारी मेट्रोचे स्टेशन सुरू झाले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये. कचेऱ्या आधी गेल्या, गाडी सत्तेचाळीस वर्षांनी पोचली. या मधल्या वर्षांचा खर्च कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात सापडणार नाही. तो माणसांनी आपल्या झोपेतून आणि मुलांच्या वेळेतून भरला.

हे सारे मला त्या वेळी ठाऊक नव्हते असे नाही. पण ठाऊक असणे आणि उमजणे यांत अंतर असते. ते अंतर आमच्या लेखा विभागातील एका बाईंनी भरून काढले.

त्यांना आम्ही सारे ताई म्हणत असू. वय पन्नाशीचे, नोकरी बावीस वर्षांची, अक्षर मोत्यासारखे. त्यांचे घर जुन्या शहरात, कचेरीपासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर. पती हयात नव्हते. घरी सासूबाई अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या. मधल्या सुट्टीत ताई झपाझप घरी जात, सासूबाईंना कुशीवर वळवीत, दोन घास भरवीत आणि सुट्टी संपण्यापूर्वी खुर्चीवर परत येत. बावीस वर्षांत त्यांच्या नावापुढे उशिराची खूण नव्हती. आमच्यापैकी पुष्कळांना ही धावपळ माहीतही नव्हती, इतकी ती बिनबोभाट चाले.

परिपत्रक लागल्यानंतर आठ दिवसांनी त्या माझ्या टेबलाशी आल्या. हातात राजीनाम्याचा कागद होता. त्यातील एक हिंदी शब्द बरोबर आहे का, एवढेच त्यांना विचारायचे होते. मी शब्द पाहिला. तो बरोबर होता. मग त्या म्हणाल्या, “भाऊ, त्या नोटिशीत ‘सोयीचे ठिकाण’ असं तुम्हीच लिहिलंत ना?”

“हो ताई. मूळ इंग्रजीत तसंच होतं.”

“असेल. मी दोनदा जाऊन आले तिकडे. दोन ऑटो बदलावे लागतात. जाऊन-येऊन दोन तास मोडतात. मधल्या सुट्टीत यायचं तर बोलायलाच नको. जागा चांगली आहे हो, उजेड आहे. सोय कोणाची, एवढंच मला कळेना.”

त्यांच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उत्तर दिले असते.

त्या रात्री मी कर्मचाऱ्यांची यादी घेऊन बसलो आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा मोहल्ला व येण्याचे साधन लिहीत गेलो. काम तासाभराचे होते. समितीच्या चार बैठका झाल्या, त्यांत इमारतीचे नकाशे पसरले गेले, फरशीचा रंगही ठरला. पण ही यादी कोणी केली नव्हती. यादीतून जे दिसले ते अगदी साधे होते. ज्यांच्याकडे स्वतःचे वाहन होते ते बहुतेक अधिकारी, आणि ते नव्या वसाहतींत राहत होते. त्यांना नवी जागा जवळ होती किंवा दूर असून जड नव्हती. शिपाई, कारकून आणि लेखा विभागातील स्त्रिया जुन्या शहरात, फव्वाऱ्याच्या आणि गोरखपूरच्या बाजूला राहत होत्या. त्या पायी येत. ‘सोयीचे’ हा शब्द खोटा नव्हता, तो अर्ध्या यादीपुरता खरा होता. आणि त्या अर्ध्या यादीत माझे नाव होते.

आम्ही श्रावणात हललो. कपाटांवर क्रमांक घातले होते. एकही कागद गहाळ झाला नाही. ताई आल्या नाहीत. सामान उतरत असताना मला आजीचे वाक्य आठवले आणि या वेळी हसू आले नाही.

मी एक टिपण लिहून वरिष्ठांकडे दिले. त्यात तीन गोष्टी मागितल्या होत्या. कंपनीची बस जुन्या शहरातून निघावी आणि कामाची वेळ बसच्या वेळेशी जुळवून घ्यावी. ज्यांच्या घरी आजारी माणूस किंवा लहान मूल आहे त्यांना वर्षभर वेळेची सवलत मिळावी. आणि ज्या कामांसाठी बाहेरचे लोक येतात त्यांची एक छोटी शाखा दोन खोल्यांत का होईना, शहरातच ठेवावी. टिपण तीन महिने पडून राहिले. मग बस सुरू झाली. संक्रांतीनंतर जुन्या इमारतीजवळच दोन खोल्यांची शहर शाखा उघडली. वेळेच्या सवलतीवर अद्याप विचार चालू आहे.

शाखा उघडण्याचे ठरले त्याच दिवशी मी ताईंच्या घरी गेलो. सासूबाई कार्तिकात गेल्या होत्या. ओसरीवर सात-आठ मुले अंकगणिताच्या वह्या घेऊन बसली होती. शहर शाखेत जागा आहे, आपण यावे, असे मी सांगितले. ताईंनी चहा ठेवला, मुलांना पुढचे उदाहरण घातले आणि म्हणाल्या, “नको भाऊ. माझी सोय मी लावली. ही मुलं आता माझ्या भरवशावर आहेत. पण एक करा. जुन्या इमारतीत झाडलोट करणारी जी बाई होती, तिला तुमच्या नव्या जागेत कुणी विचारलंच नाही. या दोन खोल्या तरी तिला द्या.”

त्या बाईचे नाव माझ्या यादीत नव्हते, कारण ती कंत्राटदाराकडून येत असे. ते काम मात्र मी करून घेतले. आता ती रोज सकाळी पायी येते आणि शहर शाखेचे दार तिच्याच हातून उघडते.

गेल्या महिन्यात माझ्याकडे आणखी एक इंग्रजी परिपत्रक आले. भोजनगृहाची जागा बदलायची होती, आणि नवी जागा सर्वांना सोयीची आहे, असे त्याही कागदात होते. मी लगेच भाषांतर केले नाही. त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली, समासात ‘कोणाच्या?’ असे लिहिले आणि कागद परत पाठविला. चौथ्या दिवशी तो परत आला. तो शब्द काढला होता, आणि त्याच्या जागी भोजनगृह कोणत्या मजल्यावर आहे, पायऱ्या किती आहेत व ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत त्यांच्यासाठी डबा खाली कोठे मिळेल, हे तीन ओळींत लिहिले होते. त्या तीन ओळींचे भाषांतर मी त्याच दुपारी केले.