हिंवाळ्याचीं चाकें

ज्या माणसानें उभ्या जन्मांत रसवंतीच्या गुऱ्हाळावरील लादीपलीकडे बर्फ पाहिला नाहीं, त्याच्याकडे बर्फांतून धावणाऱ्या मोटारीच्या चाकांविषयीं सल्ला मागणें म्हणजे मांजराला एकादशीचा फराळ विचारण्यासारखें आहे. तथापि गेल्या नवरात्रांत हा प्रसंग आमच्यावर आला. आणि सल्ला मागितला असतां तो न देण्याइतकें मनोधैर्य आमच्या वयाच्या माणसाजवळ नसतें, म्हणून आम्हीं तो दिलाहि.

आमचें घर केमला. करमाळें तालुक्यांतील हें स्टेशन जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यान आहे. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या पुष्कळ वाचकांच्या डोळ्यांखालून तें गेलें असेल. मात्र जलद गाडींतून पाटीवरचीं दोन अक्षरें वाचण्याइतकाहि अवसर मिळत नाहीं. आमच्या गांवाची खरी ओळख रुळांवरून न होतां कपाळांवरून होते. केमचें कुंकू दूरदूरच्या देव्हाऱ्यांत आणि करंड्यांत जाऊन बसलेलें आहे. मॉंट्रियल शहरीं आमच्या कन्येच्या देव्हाऱ्यांतहि तें आहे, आणि या हकिकतींत त्याला थोडें काम आहे.

ही कन्या गेलीं सात वर्षें कॅनडांत संसार करीत आहे. दोन मुलें, वर्षाआड मुक्कामाला येणारे सासूसासरे, आणि आठवड्याचा बाजार, एवढें सर्व मावावें म्हणून तिनें व जावईबापूंनीं यंदा सात माणसांची, सरकत्या दारांची एक वापरलेली मोटार घेतली. तिकडे तिला मिनिव्हॅन म्हणतात. सातव्या माळेच्या दिवशीं सायंकाळीं, म्हणजे त्यांच्याकडे सकाळीं, तिचा फोन आला.

"अण्णा, हिवाळ्यासाठीं चार टायर निराळे घ्यावे लागणार. शिवाय चार चाकें. सगळे मिळून तेराशें डॉलर होतात. हे म्हणतात, नुसते टायर घेऊं, चाकें कशाला? तुम्हांला काय वाटतं?"

तेराशें डॉलरांचे ऐंशी हजारांच्या घरांत रुपये होतात, हा गुणाकार आमच्या मंडळींनीं आमच्या आधीं केला आणि स्वयंपाकघरांतूनच विचारिलें, "अग, पण घेतलेल्या गाडीला चाकें नाहींत काय?"

प्रश्न वाटतो तितका भोळा नव्हता. आम्हीहि त्या दिवसापर्यंत अशाच समजुतींत होतों कीं टायर म्हणजे टायर. तो झिजेपर्यंत वापरावा, झिजला म्हणजे बदलावा, आणि बदललेला अंगणांत निंबाखालीं टाकून त्यावर बसावें. पण क्वेबेक प्रांतांत २००८ सालापासून याविषयीं कायदाच आहे, आणि हल्लींच्या नियमाप्रमाणें १ डिसेंबर ते १५ मार्च या काळांत तेथील मोटारीच्या चारी चाकांना हिवाळी टायर असलेच पाहिजेत. कायद्यामागचें कारण कन्येनें समजावून सांगितलें, तें मात्र आम्हांस तत्काळ पटलें, कारण तें आमच्या न्हाणीघरांतील कोनाड्यांत होतें. मार्गशीर्ष-पौषांत बाटलींतलें खोबरेल जसें थिजतें, तसें साध्या टायरचें रबर थंडीनें ताठरतें. पारा सात अंशांच्या खालीं उतरला कीं त्याची पकड कमी होऊं लागते, मग रस्त्यावर बर्फ असो वा नसो. मॉंट्रियलास तर पारा शून्याखालीं वीस अंशांपर्यंतहि जातो. हिवाळी टायरचें रबर अशा थंडींतहि मऊ राहील असें मुद्दाम घडविलेलें असतें. त्याच्या पृष्ठभागावर सुरीनें चिरल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात, आणि खाचा खोल असतात. त्या खाचांत बर्फ दाटून बसतो. तो बसावा हाच हेतु, कारण बर्फाला बर्फ जितका धरतो तितकें रबर धरीत नाहीं. आमच्या काळ्या रानाचा न्याय नेमका उलटा! येथें खाचेंत माती बसली कीं चाकाचें चिखलाचें मडकें होतें आणि गाडी जागच्या जागीं फिरत राहते. जी खाच चिखल बाहेर फेकून देईल तीच आमच्याकडे गुणाची.

असल्या टायरांचा उगम फिनलंडांतला. १९३४ सालीं तेथील एका रबर कारखान्यानें बर्फांतून माल वाहणाऱ्या मोटारींसाठीं ते प्रथम काढले. आतां त्यांवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटांत हिमकण अशी खूण असते. ती पाहिल्यावांचून पैसे मोजूं नयेत, एवढें ज्ञान कन्येला होतें. मग अडलें कोठें? मंडळींनीं सुचविलें कीं दोनच टायर घ्यावे, इंजिनाचा जोर ज्या पुढच्या चाकांवर येतो त्यांना बसवावे, आणि अर्धे पैसे वांचवावे. ही काटकसर कायद्याला चालत नाहीं. आणि कायदा नसता तरी ती महागांत पडली असती. पुढचीं चाकें रस्ता धरतात आणि मागचीं धरीत नाहींत, तेव्हां वळणावर गाडीची शेपटी पुढें येऊं पाहते. आणि मिनिव्हॅनच्या शेपटीकडेच तर मुलें बसलेलीं असतात.

राहिला चाकांचा वाद. जावईबापूंचें म्हणणें, आहेत त्याच चाकांवर वर्षांतून दोनदां टायर चढवावे-उतरवावे. कन्येचें म्हणणें, साध्या काळ्या पोलादाचीं चार चाकें एकदांच घ्यावीं, हिवाळी टायर त्यांवर कायमचे बसवून ठेवावे, आणि ऋतु पालटला कीं अख्खीं चाकेंच पालटावीं. दर खेपेस टायर उचकटून काढला म्हणजे त्याची चाकाशीं बसणारी कड दुखावते. शिवाय तिकडे बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यावर मीठ पसरतात, तें मिश्र धातूच्या झकपक चाकांना खातें. पोलादाचें चाकहि गंजतें, पण त्याला रूप नसल्यामुळें रूप जाण्याचें दुःख नाहीं. आणि हीं चाकें १८ इंचांऐवजीं १७ इंचांचीं घेतलीं, तर टायरची भिंत तेवढी उंच मिळते व बर्फाखालीं दडलेल्या खड्ड्याचा दणका ती सोसते. मात्र लहान चाक आंतल्या ब्रेकला अडत नाहीं, याची खात्री करून घ्यावी लागते.

आम्हीं कन्येच्या बाजूनें निकाल दिला. पक्षपाताचा आरोप येऊं नये म्हणून सांगतों, निकाल देतांना आमच्या डोळ्यांपुढें मुलगी नव्हती, वडिलांची बैलगाडी होती.

त्या गाडीचीं चाकें बाभळीचीं. मधला तुंबा, त्यांत ठोकलेले आरे, आऱ्यांवर पाटे, आणि या सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव बसविण्याचा दिवस म्हणजे आम्हां मुलांना सणाचा दिवस! लोहार गोवऱ्यांच्या आगटींत ती तांबडीलाल करी, चिमट्यांनीं उचलून चाकावर उतरवी, लांकूड पेटतें न पेटतें तोंच चारी बाजूंनीं पाणी ओतलें जाई, आणि थंड होऊन आकसलेली धाव लांकडाला अशी मिठी मारी कीं सांधे करकर वाजत. पण चैत्र-वैशाखाच्या झळांनीं बाभूळहि आटते. मग धाव सैल होई आणि रस्त्यांत निसटण्याचें भय असे. म्हणून त्या दिवसांत वडील चाकें काढून विहिरीच्या थारोळ्यांत बुडवून ठेवीत. लांकूड फुगे, धाव पुन्हां घट्ट बसे. त्यासाठीं त्यांना कोणा सरकारानें तारीख नेमून दिलेली नव्हती. पुढें टायरगाडी आली, बैलांचे श्रम हलके झाले, तें चांगलेंच झालें. पण ऋतु बदलला कीं चाकाकडे पाहावयाचें, ही वडिलांची संवय आमच्यापर्यंत पोंचली नाहीं.

ती न पोंचल्याचा पुरावा आमच्याच निंबाखालीं उभा होता. निकाल ऐकून घेतल्यावर कन्या म्हणाली, "आतां तुमच्या गाडीचं सांगा. टायरच्या बाजूला एक लांबट कोष्टक असतं. त्यांतले शेवटचे चार आंकडे वाचून दाखवा."

आमची मोटारहि वापरलेलीच, आठ माणसांची इनोव्हा. बॅटरी घेऊन आम्ही अंगणांत गेलों, गुडघे टेकले, आणि तीन टायरांवर २३१६ असे आंकडे वाचले. म्हणजे २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतला माल! चौथ्यावरचे शेवटचे दोन आंकडे २४ होते.

"एकच नवा कां?" तिनें विचारिलें.

वाचकहो, या प्रश्नाला उत्तर देणें आम्हीं दोन वर्षें टाळलें होतें. २०२४ च्या मे महिन्यांत पंढरपूरहून परततांना, कुर्डुवाडीच्या अलीकडे, मागचा डावा टायर फुटला. मधल्या आसनावर आमच्या मातोश्री होत्या. त्यांचें वय तेव्हां ब्याऐंशीं. गाडी रस्त्याच्या उजव्या अंगाला गेली. समोरून येणाऱ्या टेंपोच्या चालकानें आपलें वाहन शेतांत उतरविलें, म्हणून आम्ही सर्व वांचलों. मातोश्रींचें मनगट मात्र पुढच्या आसनाच्या दांड्यावर आपटून मोडलें. मुलीला आम्हीं कळविलें कीं आजी मोरीजवळ पाय घसरून पडली. परदेशीं असलेल्या लेकराला काळजी नको, असें त्या वेळीं आम्हीं स्वतःस सांगितलें. खरें कारण निराळें होतें. अपराध आमचा होता.

फुटला तो स्टेपनीचा टायर. (वेल्समधील लॅनेली गांवच्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ च्या सुमारास दोघा भावांनीं जादा चाकाचा धंदा काढला, त्या रस्त्याचें नांव आपल्या खेडोपाडीं रूढ झालें आहे, त्यांच्या देशांत तें विसरलें गेलें.) दहा वर्षें तो गाडीच्या पोटाखालीं लटकत होता, त्याच्या खाचा नव्यासारख्या खोल, म्हणून मोठ्या हुशारीनें आम्हीं तो मागें बसविला होता. खाच झिजते ती डोळ्यांना दिसते, तिच्या तळाशीं १.६ मिलिमीटर उंचीचे उंचवटेहि त्यासाठींच ठेविलेले असतात. रबराचें म्हातारपण तसें दिसत नाहीं. त्यांत आणखी एक शहाणपण आम्हीं केलें होतें. उन्हानें हवा फुगते, म्हणून निघतांना हवा कमी करून घेतली होती! अनेकांचा असाच समज असतो. वास्तविक हवा कमी असली कीं टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला अधिक वांकते, वांकण्यानें तापते, आणि खालीं चाळीस अंशांवर तापलेला रस्ता, वर आठ माणसांचें ओझें, मग फुटण्याला वेळ लागत नाहीं. कारखान्यानें दाराजवळच्या पट्टीवर लिहून दिलेली हवा सकाळीं चाक थंड असतांना भरावी, आणि उन्हाच्या भयानें तींतून कांहीं काढूं नये, हें आम्हीं नंतर शिकलों. मातोश्रींचें मनगट शिकलें, असें म्हणणें अधिक खरें.

हें सर्व अंगणांतल्या अंधारांत उभें राहून आम्हीं मुलीला सांगितलें. तिकडून बराच वेळ आवाज आला नाहीं. मग ती म्हणाली, "म्हणून आजी अजून डाव्या हातानं जपमाळ ओढते." आणि थोड्या वेळानें, "उद्यां टायर घ्या, अण्णा. चारहि."

दुसऱ्या दिवशीं पुतण्याला घेऊन आम्ही कुर्डुवाडीस गेलों. दुकानांत आणखी एक वाद माजला. पुतण्याच्या मनांत १७ इंचांचीं चकचकीत चाकें भरलीं होतीं. आमच्या गाडीचें माप २०५/६५ आर १५. म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या शेंकडा ६५, सुमारें १३३ मिलिमीटर, आणि चाक १५ इंचांचें. तो दाखवीत होता तें २१५/५० आर १७. बाहेरचा घेर जवळजवळ तोच, पण भिंत साडेएकशेंसातवर आलेली. तीं पंचवीस मिलिमीटर चाकाच्या शोभेंत गेलीं. केमच्या आसपासचे खड्डे ज्यानें पाहिले आहेत, त्याला यावर अधिक सांगावयास नको. पोलादी चाक खड्ड्यांत वांकलें तर हातोड्यानें ठोकून बहुधा सरळ होतें, मिश्र धातूचें तडकतें. "काका, पण तें दिसतं कसं!" एवढाच त्याचा मुद्दा होता, आणि तो खोडून काढणें शक्य नव्हतें. आम्हीं फक्त मागच्या आसनांवर कोण बसतें तें त्याला विचारलें. आम्हीं १५ इंचच घेतलें, ९४ या आंकड्याचें, म्हणजे दर टायरीं ६७० किलो भार सोसणारें. पहिल्यानें काढून दाखविलेला माल तीन वर्षांपूर्वींचा निघाला. आठवडा वाचतां येणारें गिऱ्हाईक पाहून दुकानदार किंचित् नाराज झाला, पण आंतून ताजा माल आला. २०२४ सालचा तो चौथा टायर आतां स्टेपनीच्या जागीं गेला आहे.

दसऱ्याला मातोश्रींनीं चारी चाकांना कुंकू लाविलें. मग खालीं वांकवेना, तरी हट्टानें पुतण्याकडून स्टेपनीलाहि लावून घेतलें.

नोव्हेंबराच्या अखेरीस मॉंट्रियलहून छायाचित्र आलें. सरकत्या दारांची निळी मोटार, काळीं पोलादी चाकें, प्रत्येक चाकाच्या मध्यावर केमच्या कुंकवाचें बोट, आणि सभोंवतीं वीतभर पांढरें. मातोश्रींनीं चष्मा पुसून तें बराच वेळ न्याहाळलें, आणि म्हणाल्या, "बरं केलं पोरीनं. चाकं पाण्यात घालून ठेवलीत वाटतं."