स्लोटरमेअरचं छोटं घर

आमच्या घरी माझं असं टेबल नाही. शाळेच्या वह्या मी जेवणाच्या टेबलावर तपासते आणि पानं घ्यायची वेळ झाली की गठ्ठा उचलून पलंगावर ठेवते. हे आधीच सांगते, म्हणजे हॉलंडला जाऊन मी फळ्या-खुर्च्यांत का रमले ते कळेल.

मोठ्या नणंदबाई ॲमस्टेलवेनला असतात. ट्यूलिप पाहून झाल्यावर वन्सं म्हणाल्या, "चल, तुला आवडेल असं एक घर दाखवते."

ॲमस्टरडॅमच्या पश्चिमेला स्लोटरमेअर नावाची वस्ती आहे. महायुद्धानंतर घरांची फार टंचाई होती, तेव्हा ती उभी राहिली. 1952 साली राणी युलियानाच्या हस्ते उद्घाटन झालं. तिथला एक ब्लॉक त्या काळच्या पद्धतीनं मांडून ठेवलाय. खोल्या लहानच, पण कोंदट वाटत नाहीत. 1946 साली तिथं 'खूट वोनेन', म्हणजे 'चांगलं राहणं', नावाची संस्था निघाली होती. तिचं मासिकही होतं. जड कोरीव कपाटं आणि जाड पडदे काढा, हलकं लाकूड-पोलाद आणा, ऊन आत येऊ द्या, असा त्यांचा धोशा! सगळ्यांनी काही ऐकलं नाही म्हणे. मला नवल नाही वाटलं. आमच्या सासूबाईंचं शिसवी कपाट कोणी काढून दाखवावं!

मग जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथं मी तासभर हलले नाही. एक लांब दांड्याची रबरी चकती दिसली. दूध-दह्याच्या काचेच्या बाटल्यांतला शेवटचा थेंब खरवडायला! श्रीखंडाचं पातेलं निपटून घेणारी मी, लगेच उचलली. शाळेतली एक खुर्चीही होती, फ्रिसो क्रामर आणि विम रीटव्हेल्ट यांनी 1958 साली केलेली. पाय वाकवलेल्या पत्र्याचे, उघडलेल्या कंपाससारखे. बसून पाहिलं. आमच्या स्टाफरूममध्ये अशी एक जरी असती तर!

आणि 'टोमाडो'चं शेल्फ. काळ्या तारेची चौकट, त्यावर लाल, पिवळ्या, निळ्या पत्र्याच्या फळ्या. डॉर्ड्रेख्टच्या कारखान्यातलं, सुटे भाग जोडून भिंतीला टांगायचं. टो म्हणजे मालक फान डेर टॉख्ट, मा म्हणजे घाऊक माल, डो म्हणजे डॉर्ड्रेख्ट. त्या मालकांच्या नावाचं म्युझियम वन्संच्याच गावात आहे, आणि त्यांना पत्ताच नव्हता!

"सामानाचं वजन?" ह्यांनी फोनवर विचारलं. मी चौकट साड्यांत गुंडाळली आणि चॉकलेटं कमी केली.

आता ड्रिलवाला रविवारी यायचाय. जागा ठरलीय, खिडकीशेजारी. खाली एक घडीचं टेबल मावेल. त्यासाठी शिसवी कपाट फूटभर सरकवावं लागेल. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.