टाकीतले न दिसणारे कामकरी

घरातले खरकटे बादलीत टाकले की आपल्या लेखी त्याचा हिशेब मिटतो. खरे तर तो तिथून सुरू होतो. आम्ही बी.कॉम. शिकलेले, कचेरीत जमा-खर्च लिहिणारे. जीवशास्त्र आमचा विषय नव्हे. पण वस्तीच्या सभांत ओल्या कचऱ्याचा प्रश्न वारंवार निघू लागला, तेव्हा बायोगॅसची टाकी चालते कशी, हे समजून घेणे भाग पडले. जे समजले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

शेणाचा गोबरगॅस आपल्याला ठाऊक आहे. शिळ्या अन्नावर चालणारे घरगुती संयंत्र पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांनी पुढे आणले. त्या कामाला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांनी मोठ्या प्रमाणावरील ओल्या कचऱ्यासाठी ‘निसर्गऋण’ संयंत्र तयार केले.

हवाबंद टाकीत प्राणवायू नसतो. तिथे सूक्ष्मजीवांचे चार गट राबतात. पहिला गट भात, पोळी, डाळ यांतील पिष्ट, प्रथिने व स्निग्ध पदार्थ फोडतो. दुसरा त्यांपासून निरनिराळी आम्ले बनवतो. तिसरा त्या आम्लांचे ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, आणि हायड्रोजन करतो. चौथा हे दोन्ही खाऊन मिथेन सोडतो. शेगडीत जळतो तो हाच. या चौथ्या गटाला पूर्वी जिवाणूच समजत. १९७७ साली अमेरिकेत कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवून दिले की ते वेगळ्याच कुळातले आहेत. आज त्यांना आर्किया म्हणतात.

यांचे परस्परावलंबन पाहण्यासारखे आहे. हायड्रोजन साचला तर तिसऱ्या गटाचे काम अडते. चौथा तो खाऊन टाकतो म्हणून तिसरा तगतो, आणि तिसऱ्याने तो दिला नाही तर चौथ्याची उपासमार होते.

पण सर्वांची चाल सारखी नाही. आम्ल करणारे काही तासांत दुप्पट होतात; ॲसेटिक आम्लावर जगणाऱ्या मिथेनवाल्यांना त्यासाठी काही दिवस लागतात. आमच्या परिचयाच्या एका वसाहतीत लग्नाच्या पंगतीचे उरलेले सगळे अन्न एकाच दिवशी टाकीत ओतले गेले. दोन-तीन दिवसांत आंबूस वास सुटला आणि शेगडी विझली. आम्ले वाढली, ती खाणारे मागे पडले. टाकीचा सामू सातच्या आसपास राहावा लागतो. तो बराच उतरला की मिथेनवाले काम सोडतात.

तिथल्या ठेकेदाराने उपाय सांगितला : “एक माणूस आत उतरवू, उपसून टाकू.” कोणत्या वस्तीतला माणूस, हे त्याला सांगावे लागले नाही. आम्ही कार्यकर्त्यांनी ठाम नकार दिला. टाकीत मिथेनबरोबर हायड्रोजन सल्फाइडही असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यांसारखी घाण येते. प्रमाण वाढले की नाकाला वासच कळेनासा होतो आणि माणूस जागीच कोसळतो. सेप्टिक टँकमध्ये आणि गटारातही हेच वायू तयार होतात. आपले किती भाऊ तिथे गुदमरून गेले! २०१३ सालच्या कायद्याने गटारे व सेप्टिक टँक संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून साफ करून घेण्यास बंदी केली. तरी त्यानंतरही मृत्यू झालेच.

शेवटी त्या टाकीला अन्न देणे थांबवले. बाहेरूनच थोडा थोडा चुना आणि ताजा शेणकाला सोडला. जनावराच्या पोटातही मिथेनवाले असतातच. तीनेक आठवड्यांनी निळी ज्योत परत आली. आत कोणालाही उतरावे लागले नाही.

घाण पचवण्याचे काम निसर्गाने सूक्ष्मजीवांकडे दिले. आपल्या समाजरचनेने ते एका जातीच्या डोक्यावर ठेवले. ते तिथून उतरवायचे असेल तर विज्ञान घराघरांत समजले पाहिजे. भगिनींनो, ओला कचरा वेगळा ठेवा. प्लॅस्टिक त्यात जाऊ देऊ नका, म्हणजे ते निवडायला दुसऱ्याचा हात लागणार नाही. टाकी असेल तर तिला रोज बेताने खाऊ घाला. आणि बंधूंनो, कोणी “माणूस उतरवू” म्हणाले, तर त्या झाकणापाशी आधी आपण उभे राहा.