अण्णांच्या डोळ्यांतलं पाणी

कथा लिहायला बसले तेव्हा आधी मी गाव बदललं. मग उसाचा फड काढून तिथं द्राक्षबाग लावली. थोरल्या भावाला धाकटा केला आणि झाडून सगळ्यांची आडनावं उडवली. एवढा बंदोबस्त झाल्यावर वाटलं, आता हात मोकळा झाला, हवं ते लिहिता येईल.

विषय घरोघरचा होता, हक्कसोडपत्राचा. आजोबा गेल्यावर वारसनोंदीत आत्याचं नाव लागलं. ते सातबाऱ्यावरून कमी करायला अण्णा, म्हणजे माझे वडील, तिला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात घेऊन गेले. मी तेव्हा कॉलेजात होते, सोबत गेले. वडिलांच्या मालमत्तेत मुलीला वाटा देणारा कायदा 1956 सालचा. पुढे महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाच्या बरोबरीने बसवलं. पण भावाच्या नावे हक्क सोडायला तेव्हा 200 रुपयांचा मुद्रांक पुरायचा, आणि माहेर तुटायला नको म्हणून बहिणी मुकाट सह्या करायच्या. अजूनही करतात. आत्याने केली. त्याच जमिनीतल्या उसाच्या बिलावर माझं शिक्षण झालं. कथा लिहिताना घशात अडकत होतं ते हेच.

लिहिताना भीती कशाची वाटते, असं कोणी विचारलं की आपल्याला मोठी प्रकरणं आठवतात. 1972 साली विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ नाटकाला परिनिरीक्षण मंडळाने अडवलं आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले. त्या लढ्यावर त्यांनी ‘बाइंडरचे दिवस’ हे पुस्तकच लिहिलं. त्याआधी, 1962 च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या ‘श्यामा’ या कथेसाठी चंद्रकांत काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला झाला. ती अश्लील नाही हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं 1969 मध्ये. आनंद यादवांना तर ‘संतसूर्य तुकाराम’ कादंबरी मागे घ्यावी लागली आणि 2009 च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही सोडावं लागलं.

माझ्या वाट्याला यातलं काही आलेलं नाही. नोटीस नाही, मोर्चा नाही, साधं निनावी पत्रसुद्धा नाही. कथा पाच-पन्नास घरांत वाचली जाणार, त्यातली चार घरं भावकीतली. पण लिहिताना समोर बसलेली असायची ती हीच चार घरं. चुलती म्हणणार, “घरातलं चव्हाट्यावर आणलंस.” आडनाव दिलं की जात आली, आणि जात आली की कोणीतरी म्हणणार, आमच्या समाजाची बदनामी केली. म्हणून माझी पात्रं नुसती शांताबाई, दिनकर, मालन. मराठी कथेत आडनावाशिवाय हिंडणारी अशी माणसं खूप भेटतात. त्यातली निम्मी तरी याच धाकाने आडनाव टाकून आली असावीत.

टोपणनाव घ्यावं, असंही मनात येऊन गेलं. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं आणि ही विभावरी शिरूरकर कोण म्हणून महाराष्ट्रभर गदारोळ झाला. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, त्या नावाआड होत्या म्हणून ते पुस्तक निदान लोकांपुढे येऊ शकलं. पण टोपणनावाने समाजापासून लपता येतं, आत्यापासून नाही. तिने पहिल्या परिच्छेदात मला ओळखलं असतं.

शेवटी स्वतःच्या नावाने कथा पूर्ण केली आणि एका दिवाळी अंकाकडे पाठवली. संपादक जुन्या वळणाचे, हस्तलिखितावर पेन्सिल चालवणारे. कथा परत आली तेव्हा मी धास्तावून पानं चाळली. वाटलं होतं, नोंदणी कार्यालयातला प्रसंग त्यांना भडक वाटला असणार. त्या प्रसंगातली एक ओळही त्यांनी कापली नव्हती. फक्त एका वाक्याभोवती गोल करून शेजारी प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते वाक्य होतं, “सही होताना भावाच्या डोळ्यांत पाणी तरळलं.”

मी फोन केला. ते म्हणाले, “हे वाक्य कोणासाठी लिहिलंत?” मी म्हटलं, तो तसा मनाने वाईट नाही, हे यायला हवं. “ते तुम्ही चौथ्या पानावर सांगितलंय. सातव्यावर सांगितलंय. अकराव्यावर बायको सांगते. आता डोळेही भरून आले. बाई, कथा भावावर आहे की त्याच्या बचावावर?”

मी कच्चा खर्डा काढून बसले. नोंदणी कार्यालयातला तोच प्रसंग पहिल्या लिहिण्यात असा होता: बाहेर पत्र्याच्या शेडखाली मुद्रांक विक्रेता, बाकावर दोन साक्षीदार वडापाव खात बसलेले. लेखनिक मान वर न करता विचारतो, “सही का अंगठा?” ती म्हणते, “सही येते मला. सातवी झालीय.” मग संगणकासमोर बसवून तिचा फोटो काढतात आणि तरीही अंगठा घेतातच. भाऊ तेव्हा झेरॉक्सच्या प्रती मोजत असतो. बस्स, एवढंच. पाणी कुठेच नव्हतं, कारण त्या दिवशीही नव्हतं. अण्णा खरोखरच झेरॉक्स मोजत होते.

दोन्ही खर्डे शेजारी ठेवल्यावर जे दिसलं ते आजवर कोणी मला सांगितलं नव्हतं. धाकाने माणूस खोडतो, असं आपण धरून चालतो. मी खोडलं होतं फार थोडं. मी भर घातली होती. जिथं हात थरथरला तिथं एक विशेषण आलं होतं, एक खुलासा आला होता. पावसाने दगा दिला होता, बँकेचा तगादा होता, भाऊ बिचारा अडचणीत होता. भाऊबीजेला साडी-चोळी करणारी, डोळ्यांत पाणी आणणारी प्रेमळ वहिनी तर पहिल्या खर्ड्यात जन्मालाच आली नव्हती. कथेच्या गरजेने काटछाट केली की वाक्य आटोपशीर होतं. धाकाने लिहिलेलं वाक्य गोड होत जातं आणि लांबत जातं. माझा खर्डा चौदा पानांवरून वीस पानांवर गेला तो याच वाटेने.

बाहेरून होणाऱ्या कापाकापीचं एक बरं असतं, ती दिसते. तेंडुलकरांच्याच ‘गिधाडे’ नाटकातल्या साडीवरच्या लाल डागाला मंडळाने हरकत घेतली, तेव्हा डॉ. श्रीराम लागूंनी त्या डागाच्या रंगाबद्दल प्रयोगाआधी प्रेक्षकांना जाहीरच सांगून टाकलं. मग तो डाग कोणाच्या नजरेतून सुटला असेल? मंडळाकडून कापायच्या जागांची यादी येते, ती घेऊन न्यायालयात जाता येतं, वर्तमानपत्रात लिहिता येतं. माझ्या वीस पानांची यादी कोणाकडेच नव्हती. ती तशीच छापून आली असती तर वाचक म्हणाले असते, किती समतोल लिहिलंय!

मी पाणी पुसलं, वहिनी काढली, पाऊस आणि बँक एकेका ओळीवर आणली. द्राक्षबाग तशीच ठेवली, कारण कथेला तिने काही अपाय होत नव्हता. सगळंच उघडं करावं असंही मला वाटत नाही. आत्याच्या आयुष्यातली एक गोष्ट मी पहिल्या खर्ड्यापासून बाहेर ठेवली आणि इथेही सांगणार नाही. ती तिची आहे. तिच्यावाचून कथेचं काहीही अडत नव्हतं. अण्णांच्या कोरड्या डोळ्यांवाचून मात्र अडत होतं.

अंक आला. अण्णांनी आधी राशिभविष्य वाचलं, मग कधीतरी कथा वाचली असावी, कारण दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनी विचारलं, “मानधन किती देतात?” मी आकडा सांगितला. “एवढंच?” म्हणाले आणि गुळाचा चहा परत मागितला. चुलतीने अंक बघितला का, ते आजतागायत कळलेलं नाही. आरडाओरडा झाला तो भलतीकडूनच. शेजारच्या तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचा फोन आला. आमच्या घरातलं तुम्हाला कोणी सांगितलं, बहिणीने का, असं तो तावातावाने विचारत होता. मी ज्याला लपवायला बाग लावली होती तो सुखात होता, आणि ज्याला मी जन्मात पाहिलं नव्हतं तो पेटला होता. यावरून ज्याने त्याने हवा तो बोध घ्यावा.

आत्याला अंक मीच नेऊन दिला. ओट्यावर बसून, चष्मा लावून तिने सावकाश वाचला. मग म्हणाली, “मी त्या दिवशी हिरवी साडी कुठं नेसलीवती? जांभळी हुती.” थोड्या वेळाने म्हणाली, “दादा झेराक मोजत हुता, तेवढं बरं ध्यानात ऱ्हायलं तुझ्या.”

नव्याने लिहिणाऱ्या मुली कधी हस्तलिखित वाचायला देतात. मी त्यांना धीट व्हा वगैरे सांगत नाही, धीटपणा असा सांगून येत नाही. मी पहिला खर्डा मागते आणि शेवटचा मागते, आणि वाढलेल्या वाक्यांवर पेन्सिल ठेवून विचारते, हे कोणासाठी? ज्या वाक्याला उत्तर ‘कथेसाठी’ असं येतं ते ठेवायचं. ‘काकासाठी’ असं येतं ते काढायचं. आणि पहिला खर्डा फाडायचा नाही. कापायचं असेल ते संपादकाने कापावं, नावं ठेवायची असतील ती वाचकाने ठेवावीत, अगदीच वेळ आली तर न्यायालय आहे. त्या सगळ्यांशी भांडता येतं. त्यांचं काम आपणच घरी बसून आधी उरकून ठेवू नये.