अश्दोदची मांजरे आणि त्यांचे जेवण



आमचे अश्दोद शहर १९५६ साली वाळूवर वसले. इथल्या वस्त्यांना नावे कमी आणि अक्षरे जास्त: रोवा आलेफ, रोवा बेत, रोवा गिमेल. कुठल्याही रोवात जा, खांबांवर उभ्या असलेल्या इमारतींखाली मांजरे दिसणारच. सकाळी मोटारीच्या गरम बॉनेटवर, दुपारी मोटारीखाली, संध्याकाळी 'बेडूक' म्हणतात त्या मोठ्या हिरव्या कचरापेटीवर. मरीनाकडे फिरायला गेलात तर गळ टाकून बसलेल्या प्रत्येक माणसामागे एक तरी मांजर शहाण्यासारखे बसलेले असते. छोटी मासळी त्याची, मोठी माणसाची, असा करारच जणू.

आपल्या लोकांच्या घरातही मांजर असतेच. म्हातारपणी मुले हैफाला नाहीतर तेल अवीवला, मग बोलायला कोणी तरी हवे. पण त्याला खायला काय घालतात ते पाहिले की माझ्यातली नर्स जागी होते. दूधभात! विचारले तर उत्तर ठरलेले, "आमची आजी अलिबागला हेच घालायची."

अहो, आजीची मांजर दूधभातावर जगत नव्हती. ती कणगीमागचे उंदीर, पाली, परसातले बेडूक यांच्यावर जगत होती. वर बांगड्याचे डोके मिळाले तर सणच. दूधभात हा तिचा चहा होता, जेवण बाहेर होते. इथे तिसऱ्या मजल्यावर उंदीर कुठून येणार? तुम्ही बशीत घालाल तेवढेच तिचे जग.

मांजर मांसाहारी प्राणी आहे, आवडीने नव्हे, गरजेने. टॉरिन नावाचा एक पदार्थ मांसात व मासळीत असतो, भातात नसतो, आणि तो मांजराच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही. दुधातल्या केसिन या प्रथिनावर ठेवलेल्या मांजरांच्या डोळ्यांचा पडदा टॉरिनच्या कमतरतेमुळे झिजतो, हे १९७५ साली शास्त्रज्ञांनी दाखवले. १९८७ साली हृदयाचेही कळले: टॉरिन कमी पडले की हृदय फुगून कमजोर होते. म्हणून चांगल्या तयार खाण्यात ते घातलेले असते. खोक्यावर 'संपूर्ण आहार' असे लिहिले आहे का, ते चष्मा लावून बघावे. दूध तर बहुतेक मोठ्या मांजरांना पचतही नाही, जुलाब होतात.

कालवणही नको. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो, शिजवला तरीही. कोंबडीची शिजलेली हाडे फुटून टोकदार होतात. कलेजी कधीमधी चालेल, पण रोज घातली तर 'अ' जीवनसत्त्व जास्त होऊन मानेची हाडे आखडतात. बाळांनो, टूनाचा डबा हे जेवण नाही, तो लाड आहे. आणि मलिद्याची भीती नको, मांजराला गोड चव कळतच नाही!

शुक्रवारी शब्बाथसाठी फुले आणता, त्यात लिली नसावी. तिचे पान चावले, परागकण अंगावरून चाटले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात. अकामोलची गोळी तर अजिबात देऊ नये. एका गोळीनेही मांजर मरू शकते.

आता पेसाखबद्दल, कारण मुख्य सांगायचे ते हेच. कोरड्या खाण्यात पुष्कळदा गहू किंवा सातू असतो, म्हणजे हामेत्स. ते घरात नको, हे बरोबरच आहे. पण आमच्या शेजारणीने काय केले? सणाच्या आदल्या दिवशी सगळे खाणे काढून टाकले आणि नवेच काही तरी पुढे ठेवले. तिचा लठ्ठ पिवळा बोका त्याला तोंड लावेना. "भूक लागली की खाईल," ती म्हणाली. माणसाच्या पोराला हे लागू असेल, मांजराला नाही. विशेषतः लठ्ठ मांजर दोन-चार दिवस उपाशी राहिले, तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते. पाचव्या दिवशी मी त्याचे कान उजेडात धरले, आतून पिवळे. हिरड्याही पिवळ्या. आयुष्यभर काविळीचे रोगी पाहिले, ओळखायला वेळ लागला नाही. टॅक्सी बोलावून त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेले. पुढे कित्येक आठवडे नळीने खाऊ घालावे लागले. वाचला बिचारा. मांजरांना कुपात खोलीम नसते, बिल ऐकून शेजारीणही पिवळी पडली.

म्हणून दहा दिवस आधी सुरुवात करा. भात, मका चालेल अशा पेसाखच्या खाण्याबद्दल रब्बींना विचारून घ्या. पहिले तीन दिवस जुन्यात चतुर्थांश नवे मिसळा, मग निम्मे, मग पाऊण. चोवीस तास काहीच खाल्ले नाही तर डॉक्टरला फोन करा, सण असला तरी. शेमाच्या दुसऱ्या भागात आधी गुरांचे गवत येते, मग आपले पोट भरणे. जनावराला आधी घालून मग आपण जेवावे, हे गेमारातल्या ज्ञानी लोकांनी त्यावरूनच काढले.

पाण्याचेही बघा. मांजराचे पूर्वज कोरड्या रानातले, ते तहान फारशी दाखवत नाही. उंदरात सत्तर टक्के पाणी असते, कोरड्या खाण्यात जेमतेम दहा. खामसीनच्या दिवसांत घरात दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवावे, ओले खाणेही द्यावे. बोका वारंवार मुतायला बसतो आणि थेंबही येत नाही, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नका.

नातवंडांना एक काम द्या. महिन्यातून एकदा मांजर कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहायचे, मग एकट्याने. फरक वहीत लिहायचा. चार किलोच्या घरबशा मांजराला दिवसाला साधारण दोनशे ते अडीचशे कॅलरी पुरतात, कोरडे खाणे असेल तर साठ ग्रॅमच्या आसपास. वजन अर्ध्या किलोने उतरले, तर वही घेऊनच डॉक्टरकडे जा.