चौदा गाड्यांपैकी एक

"वाहनांची तोडफोड, परिसरात दहशत." पुण्यात राहणाऱ्या माणसाला ही बातमी नवी नाही. कधी येरवडा, कधी कोंढवा, कधी सहकारनगर. ठिकाण बदलतं, खाली गाड्यांचा आकडा असतो, आणि आपण पुढे सरकतो. मीही सरकायचे. गेल्या ऑक्टोबरात बिबवेवाडीतल्या आमच्या गल्लीचा आकडा होता चौदा, आणि त्यातली एक गाडी आमची होती.

रात्रीचे पावणेदोन. आवाजाने आधी सासरे उठले. नवरा दाराकडे धावला, मी त्याचा शर्ट मागून धरून ठेवला. खोटं कशाला बोलू, आम्ही सगळे पडद्याआडूनच बघत होतो. तीन पोरं, हातात कोयते. एकाने बॉनेटवर वार केले, दुसरा टपावर चढून नाचला, तिसऱ्याने पुढच्या काचेत दगड घातला. "इथला भाई कोण" वगैरे आरडाओरडा. आमचं त्यांचं काही भांडण नाही, ओळखही नाही. पाच मिनिटांत सगळं उरकून गेले.

गाडी २०१३ ची वॅगनआर. अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून घेतलेली. दर रविवारी स्वतः पुसायचे, दुसऱ्या कुणाला फडकं लावू द्यायचे नाहीत. महिनाभरापूर्वीच रांगेत नंबर लावून ती हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवून आणली होती. सकाळी बघतो तर अख्ख्या गाडीत तेवढ्या प्लेटलाच ओरखडा नव्हता! अण्णा तशातही हसले.

आता आमच्या चुका सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. पहिली चूक, मी झाडू घेऊन काचा गोळा करायला लागले. समोरचे रिक्षावाले काका ओरडले, "वहिनी, हात लावू नका, आधी फोटो काढा, पंचनामा होऊ दे." दुसरी चूक चौकीवर. "नुकसान किती?" असं विचारल्यावर नवरा अंदाजाने म्हणाला, चाळीस हजार. तेच लिहिलं गेलं. गॅरेजचं एस्टिमेट आलं एक लाख चार हजार! टप, बॉनेट, दोन दरवाजे, सगळ्या काचा, रंगकाम. आता नव्या न्याय संहितेत वीस हजार ते लाखाच्या आतलं नुकसान असेल तर जास्तीत जास्त दोन वर्षं, लाख किंवा त्यावर असेल तर पाच वर्षं शिक्षा आहे. म्हणजे तो आकडा किती महत्त्वाचा होता बघा. पुरवणी जबाब देऊन तो दुरुस्त करून घेताना दोन चकरा आणि एक सुट्टी गेली.

मग विमा. आमचा पूर्ण विमा होता, त्यामुळे मी निश्चिंत होते. पण कागदावर गाडीची किंमत एक लाख तीस हजार, आणि दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी "टोटल लॉस" धरतात. इंजिन ठणठणीत, स्टार्टर मारला की पहिल्या फटक्यात सुरू होणारी गाडी, आणि कंपनीच्या लेखी ती भंगार. हजार रुपये वजा जाऊन एक लाख एकोणतीस हजार मिळाले. इतकी वर्षं क्लेम न केल्याने मिळणारी ५० टक्के सवलत शून्यावर आली. कोयता त्यांनी चालवला, सवलत आमची गेली. टो करून नेताना अण्णा खाली उतरलेच नाहीत.

तरी आमचं बरं म्हणायचं. रिक्षावाल्या काकांचा विमा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे स्वतःच्या रिक्षासाठी दमडी नाही. एकोणीस हजार पदरचे गेले आणि नऊ दिवस धंदा बंद. वरच्या मजल्यावरच्या मुलाची बाईक तीन वर्षांची. तो म्हणाला, माझा पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे. नीट बघितलं तर पाच वर्षांचा होता तो थर्ड पार्टीचा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग पहिल्या वर्षानंतरच संपलेला, रिन्यू करायचा असतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. २०१८ च्या सप्टेंबरनंतर नवी गाडी घेतलेल्या सगळ्यांनी आज घरी जाऊन तो कागद उघडून बघा. कारला तीन वर्षं, दुचाकीला पाच, पण फक्त थर्ड पार्टी.

पोरं चार दिवसांत सापडली. दोघं अठराच्या आतली, त्यांना बाल न्याय मंडळापुढे नेलं. एकोणीस वर्षांच्या तिसऱ्याची गल्लीतून धिंड काढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही व्हिडिओ काढला, गावच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी काका म्हणाले, "बरं वाटलं. पण हप्ता पाच तारखेलाच आहे."

दुसरी गाडी घ्यायची ठरली तेव्हा घरात आठ दिवस वाद झाले. छोट्या गाड्यांवरचा जीएसटी सप्टेंबरात २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता, मुलीला नवीच हवी होती, आणि कर्ज काढून झेपलीही असती. पण नवरा शोरूममध्ये रंग बघत नव्हता, काचेची किंमत विचारत होता. शेवटी २०१८ ची, दुसऱ्याने वापरलेली वॅगनआरच घेतली, तीन लाख चाळीस हजारांना. कारण एकच, पुन्हा फुटली तर कमी दुखावं. गाडी घेताना लोक मायलेज बघतात, आम्ही हे बघितलं. याचा मला त्या रात्रीपेक्षाही जास्त राग येतो. तोडफोड करणाऱ्यांना हेच तर हवं असतं ना, की माणसाने चांगली वस्तू दारात लावायला घाबरावं?

आणि दारात ती लावतही नाही. अर्धा किलोमीटरवरच्या एका सोसायटीच्या बेसमेंटमध्ये महिना दोन हजार भाड्याने जागा घेतलीय. ज्यांच्या बिल्डिंगला पार्किंग आहे त्यांच्या गाड्या या चौदात कधीच नसतात, हेही तेव्हाच लक्षात आलं. गल्लीत अजून दोघांनी तेच केलं. काकांना ते परवडत नाही.

अण्णा नवी गाडी पुसत नाहीत. म्हणतात, एवढ्या लांब कोण जाणार.

रात्री कुठे बाटली जरी पडली तरी नवरा उठून खिडकीशी जातो. गाडी तिथे नाही हे त्याला माहीत असतं. रिक्षा असते.